झेंडा झाला, टपालाचं काय?

जगाच्या पाठीवर कुठल्याही प्रदेशाने स्वतंत्र देश व्हायचं मनावर घेतलं, की तिथल्या राज्यकर्त्यांच्याही आधी झोप उडते ती नेदरलँड्समधल्या फेल्डहोवनला राहणाऱ्या माझ्या भाऊजींची. तसा त्यांचा कुणाच्या स्वातंत्र्याला विरोध नसतो आणि पाठिंबाही नसतो. टीव्हीवर चौक माणसांनी भरून गेलेला असतो, पोरं एकमेकांच्या खांद्यावर चढून झेंडे फडकवत असतात, म्हाताऱ्या बायका डोळे पुसत असतात, आणि भाऊजी सोफ्याच्या कडेवर पुढे सरकून, हातातला चहा तसाच निवत ठेवून विचारतात, "ते सगळं बरोबर आहे. पण उद्या सकाळी टपाल कोण वाटणार?" टपाल ही नुसती सुरुवात. मग नोटा कोण छापणार आणि त्या छापून येईपर्यंत बेकरीवाल्याच्या हातावर काय ठेवायचं, जुन्या देशाच्या कर्जातला वाटा कसा ठरणार, निवृत्त मास्तरांचं पेन्शन कुठल्या राजधानीतून निघणार, फोन लावताना पुढे कुठले आकडे दाबायचे. एकदा तर त्यांनी हवामानाच्या बातम्यांत नकाशा कुठपर्यंत दाखवणार, असा प्रश्न काढला. मी म्हटलं, भाऊजी, पाऊस काही त्यांना विचारून थांबणार नाही. त्यावर ते गंभीरपणे म्हणाले, "तेच तर म्हणून राहिलो ना मी. पाऊस सामाईक, पण अंदाज कोणाचा?"

भाऊजी म्हणजे माझ्या थोरल्या बहिणीचे यजमान. ताई आणि ते नागपूरचे इथे आले त्याला आता एक पिढी झाली. माझं लग्न होऊन मी मागाहून आले, पहिली काही वर्षं नवऱ्याच्या व्हिसावर नुसती बसून काढली आणि मग इथल्याच उइटहॉर्न गावातल्या आमच्या घरात पाळणाघर सुरू केलं. दिवसभर दोन ते चार वर्षांच्या मंडळींचे प्रश्न झेलत असल्यामुळे मला प्रश्नांची भीती वाटत नाही. पण माझ्याकडची मुलं निदान दुपारी झोपतात. भाऊजींचं कामच असं आहे की त्यांना झोपून चालत नाही. चिप बनवणारी जी प्रचंड यंत्रं फेल्डहोवनला तयार होतात, त्यांच्यात पुढे काय काय बिघडू शकेल, हे ती बनण्याआधीच शोधून काढण्यासाठी भाऊजींना पगार मिळतो. आयुष्यभर हेच केल्यामुळे त्यांना न बिघडलेली गोष्ट दिसली की अस्वस्थ व्हायला होतं. आमच्या लग्नात सगळे अक्षता म्हणून फुलांच्या पाकळ्या टाकत होते तेव्हा हा माणूस मंडपाच्या खांबाला हात लावून तो हलतोय का बघत होता.

त्यांचा शेजारी मूळचा फ्रीजलंडचा, म्हणजे इथल्या उत्तरेकडच्या प्रांतातला. तिथल्या लोकांना स्वतःच्या भाषेचा आणि झेंड्याचा फार अभिमान. एका शनिवारी त्याने खिडकीबाहेर तो निळ्या-पांढऱ्या पट्ट्यांचा, लाल पानांचा झेंडा लावला. भाऊजींनी तो पाहिला आणि चिवड्याची बशी घेऊन तडक त्याचं दार वाजवलं. आधी अभिनंदन केलं, मग चपला काढून आत बसले आणि विचारलं, "तुम्ही वेगळे झालात तर पंपांचं काय?" हा देशच मुळी पाणी उपसून काढलेल्या जमिनीवर उभा आहे, पंप एका बाजूला, कालवा दुसऱ्या बाजूला, बांध तिसऱ्याच कुणाच्या ताब्यात. उद्या पंप तुमच्या देशात आणि पाणी त्यांच्या देशात असेल, तर विजेचं बिल कोणाच्या नावावर निघणार, हे भाऊजींनी त्याला चिवड्याचे शेंगदाणे एका ओळीत मांडून समजावून सांगितलं. बिचाऱ्याच्या गावच्या फुटबॉल संघाने सामना जिंकला होता, एवढंच. त्याने दोनतीनदा ते सांगायचा प्रयत्न केला, पण भाऊजी तोवर बांधाला पडलेल्या भगदाडापर्यंत पोचले होते. संध्याकाळी झेंडा उतरला. आता त्यांचा संघ जिंकला की तो आधी भाऊजींची सायकल दारात आहे का ते बघतो आणि मगच काय तो आनंद व्यक्त करतो.

हे वेड इथे येऊन लागलं असंही नाही. ताई सांगते, कॉलेजात असताना भाऊजी वेगळ्या विदर्भाच्या सभांना हटकून जायचे, घोषणाही द्यायचे, आणि त्यांचा आवाज चांगला म्हणून एकदा त्यांना स्टेजवर बोलावलं. तिथे त्यांनी माईक हातात घेऊन पुढाऱ्यांनाच विचारलं की, वेगळं राज्य झाल्यावर माझ्या मामाच्या गाद्यांचं काय? मामांचा गाद्या-रजया भाड्याने द्यायचा धंदा होता. हिवाळी अधिवेशनासाठी मुंबईकडचं सगळं सरकार नागपुरात उतरायचं, त्या थंडीत मामांच्या गाद्यांना उसंत नसायची. स्टेजवरचे पुढारी हसून म्हणाले, अरे बाळा, मग तर बाराही महिने विधानसभा इथेच भरेल, मामाला सांग गाद्या वाढव. भाऊजी म्हणाले, "पण मग सगळे आमदार आपल्याच भागातले ना. ते रात्री आपापल्या घरी जाऊन झोपतील. गादी घेईल कोण?" सभेत हशा झाला, आणि मग दोन कार्यकर्त्यांनी भाऊजींना अत्यंत प्रेमाने, दोन्ही दंडांना धरून, खाली आणून सोडलं. ताईचे वडील, म्हणजे आमचे बाबा, त्या सभेला होते. हा मुलगा नीट विचार करतो, असं ते घरी येऊन म्हणाले आणि पुढे ताईचं लग्न जमलं. त्यामुळे विदर्भाचं काहीही होवो, ताईचं जे झालं ते त्या गाद्यांमुळे झालं.

नेदरलँड्सने त्यांच्या या स्वभावाला फक्त शिस्त लावली. इथल्या ऑफिसांत दोन माणसं भेटली तरी त्याला विषयपत्रिका लागते, आणि सगळे विषय संपले की शेवटी येतो तो रोंडव्राख. म्हणजे अध्यक्षाने टेबलाभोवतीच्या एकेकाकडे वळून विचारायचं, तुमचं काही राहिलंय का? राहिलं असेल तर त्याने ते तेव्हाच सांगायचं. नसेल तर 'काही नाही' म्हणायचं, आणि बैठक ठरल्या मिनिटाला संपवायची. भाऊजींना ही पद्धत इतकी आवडली की त्यांनी ती घरी आणली. ताईच्या वाढदिवसाला आम्हाला आठवडाभर आधी ईमेल येते: स्वागत, केक, जेवण, मागच्या वाढदिवसाला उरलेल्या जेवणाचा आढावा, रोंडव्राख. वेळेवर लक्ष ठेवायचं काम माझ्याकडे. त्यासाठी पाळणाघरातलं, पोरांची खेळायची पाळी संपली की वाजणारं, कोंबडीच्या आकाराचं गजराचं घड्याळ घेऊन मी त्यांच्या डाव्या हाताला बसते. कोंबडी वाजली की बोलणाऱ्याने वाक्य संपवायचं. माझ्या नवऱ्याने आजवर एकही वाक्य संपवलेलं नाही.

आणि प्रत्येक देशाला त्यांचा पहिला प्रश्न ठरलेला: घटना लिहून झाली का? आमच्या दोघी बहिणींच्या घरी संविधानाची प्रत हॉलमध्ये असते, लग्नकार्यात उद्देशिका वाचली जाते, त्यामुळे आधी लिहा आणि मग बोला, हे भाऊजींच्या अंगात मुरलेलं आहे. वर त्यांना स्वतःचा अनुभव होताच. त्यांनी डच नागरिकत्व घेतलं तेव्हा भारताचा पासपोर्ट परत करावा लागला. आता नागपूरला जायचं तर वेगळं कार्ड दाखवून जावं लागतं. "मी एकटा एका देशातून फुटून निघालेलो माणूस आहे," ते म्हणतात, "मला विचारा काय काय लागते ते." यावर सगळे हसतात. ताई मात्र हसत नाही, आणि का हसत नाही ते मला ठाऊक आहे.

भाऊजींचे वडील नागपुरात वारले तेव्हा त्यांचा पासपोर्ट अजून भारताचाच होता आणि तो नूतनीकरणासाठी दूतावासात होता. शुक्रवारी संध्याकाळी फोन आला. पुढे शनिवार, रविवार आणि त्याला जोडून सोमवारची सुट्टी. हातात तिकिटाचे पैसे होते, ऑफिसची रजा होती, फक्त पासपोर्ट नव्हता. इकडे फेल्डहोवनच्या घरात हा माणूस फोन कानाला लावून उभा होता आणि तिकडे धाकटा भाऊ त्याला सांगत होता, आता निघालो, आता पोचलो, आता दिला अग्नी. तेव्हापासून भाऊजी कुठल्याही सीमेकडे बघतात ते झेंड्याच्या बाजूने नाही, तिच्यापाशी अडकून उभ्या राहिलेल्या माणसाच्या बाजूने. हे त्यांनी कधी बोलून दाखवलेलं नाही. ते टपालाबद्दल बोलतात.

अशा माणसाच्या एकुलत्या एका मुलीने प्रेमात पडायचं तर कुणाच्या पडावं? सुजाताने कॅटलोनियाचा मुलगा आणला. अख्ख्या युरोपातून इंजिनियर फेल्डहोवनला येतात, त्यांत डच होते, जर्मन होते, दोन तर पुण्याचे होते. पण हिला सापडला तो जोर्दी, जिथले निम्मे लोक स्पेनमधून फुटून निघायला बसलेत त्या प्रदेशातला. ताईने पहिल्या भेटीला झणझणीत सावजी रस्सा केला. जावई होऊ घातलेल्या मुलाची परीक्षा घ्यायची आमच्या नागपूरकडची ही साधी, सरळ पद्धत आहे. जोर्दीने पहिला घास घेतला आणि त्याच वेळी भाऊजींनी विचारलं, "सो, युवर कॉन्स्टिट्यूशन, इज इट रेडी?" पोराच्या डोळ्यांतून घळाघळा पाणी आलं. ते रश्श्याचं होतं. भाऊजींना वाटलं, देशप्रेमाचं आहे, आणि त्यांनी आदराने पाण्याचा ग्लास पुढे सरकवला. बोलता येऊ लागल्यावर जोर्दीने सांगितलं की त्याचे वडील वेगळ्या देशाच्या बाजूचे, आई दक्षिण स्पेनमधली आणि ठाम विरुद्ध बाजूची. घरी जेवणाच्या टेबलावर हा विषय काढायचा नाही, असा गेली कित्येक वर्षं नियम आहे. "एका स्वयंपाकघरात दोन देश," भाऊजी आधी मला हळूच आणि मग जोर्दीला इंग्रजीत म्हणाले. त्यांच्या चेहऱ्यावर जे पसरलं होतं त्याला आनंद याशिवाय दुसरा शब्द नाही.

तो आनंद सहा महिने टिकला. मग एका रविवारी सुजाता म्हणाली, "बाबा, वी आर गेटिंग मॅरीड. अँड वी आर मूव्हिंग." जोर्दीच्या वडिलांचा गावाकडे बुचांचा छोटा कारखाना आहे, बुचाच्या झाडाची साल काढून दारूच्या बाटल्यांना लावायची बुचं करतात. वडील थकले, तो चालवायला जोर्दी परत जाणार आणि ही त्याच्याबरोबर. भाऊजींनी टपालाचं विचारलं नाही, नोटांचं विचारलं नाही. उठले आणि मागच्या अंगणात जाऊन कुंड्यांना पाणी घालत बसले, आणि पाऊस पडत होता. ताई स्वयंपाकघराच्या खिडकीतून बघत मला म्हणाली, "त्याईले वाटून राहिलं, उद्या तिकडे नवा देश झाला, सीमा घातली, आणि आपल्याला काही झालं तर पोरगी अडकून पडन. त्याईच्यासारखी." मी म्हटलं, मग ते तसं सरळ सांगत का नाहीत? ताई म्हणाली, "सरळ सांगता आलं असतं तर एवढ्या देशांच्या चौकश्या काहून करत फिरले असते?"

साक्षगंध, म्हणजे तुमच्याकडचा साखरपुडा, फेल्डहोवनच्या वस्तीतल्या हॉलमध्ये ठरलं. आपल्याकडच्या समाजमंदिरासारखाच हॉल, फक्त कॉफीचं मशीन चालू असतं. जोर्दीचे आईवडील विमानाने येणार होते. आणि आठवडाभर आधी, नेहमीप्रमाणे, ईमेल आली. स्वागत. त्रिशरण-पंचशील. उद्देशिकेचं वाचन. अंगठ्या. आणि त्याखाली, केक आणि जेवण यांच्या मधोमध: 'प्रदेश स्वतंत्र झाल्यास होणारे व्यावहारिक परिणाम, चर्चा.' ताईचा फोन मला पाळणाघरात आला. माझ्या मांडीवर एक पोर रडत होतं तरी तिचा आवाज त्याच्या वर ऐकू येत होता. "पोरीचं साक्षगंध करून राहिलो का तह करून राहिलो? ते व्याही पहिल्यांदा येऊन राहिले. त्याईच्या घरी जे बोलणं बंद आहे ते आपण केक कापून उघडायचं?" संध्याकाळपर्यंत भाऊजींनी तो विषय काढून टाकला. ताईला तसं लेखी कळवलंही. पण आधीची ईमेल गेली होती ती गेलीच होती, आणि तिकडे जोर्दीने ती इमानदारीने भाषांतर करून वडिलांना कॅटलानमध्ये आणि आईला स्पॅनिशमध्ये पाठवली होती.

समारंभ छान झाला. मेणबत्त्या लागल्या, बुद्धवंदना झाली, पांढऱ्या साडीत ताई अशी दिसत होती की जोर्दीच्या आईने तिचा हात हातात धरला तो सोडलाच नाही. सुजाताने उद्देशिका मराठीत वाचली, दोन शब्दांना अडखळली, आणि भाऊजींनी ते शब्द ओठांतल्या ओठांत पुरे केले. जोर्दीच्या वडिलांनी सगळ्यांना बुचाच्या गोल चकत्या दिल्या, गरम भांडी ठेवायला. मग जेवण सुरू झालं. भाऊजी ताईच्या धाकाने मान खाली घालून पुलाव जेवत होते. मी कोंबडी पिशवीतच ठेवली होती. आणि अचानक जोर्दीचे वडील रुमालाला हात पुसून उभे राहिले, खिशातून चष्मा काढला आणि जोर्दीमार्फत नम्रपणे विचारलं, तो मधला विषय कधी घ्यायचा? मी तयारी करून आलोय.

ताईने भाऊजींकडे जे पाहिलं ते मी इथे लिहीत नाही. पण पाहुणा उभा होता. भाऊजींनी घसा साफ केला आणि अध्यक्षस्थान घेतलं. जोर्दीचे वडील बोलू लागले: आमची भाषा, आमचा इतिहास, आमचा कर भरून भरून आम्ही कसे दमलो. तेवढ्यात जोर्दीची आई उठली आणि स्पॅनिशमध्ये असं काही बोलली की कॉफीच्या मशीनपाशी उभे असलेले डच लोकसुद्धा वळले. जोर्दीने त्या सगळ्याचं भाषांतर केलं, "आई म्हणते, नाही." वडिलांचा आवाज चढला. आईचा त्याहून चढला. सुजाता माझ्या कानाशी म्हणाली, "मावशी, डू समथिंग," आणि मी घाबरून पिशवीत हात घातला तर कोंबडी आपली आपण वाजायला लागली. मी ती पदरात गुंडाळली, मांडीखाली दाबली, तरी ती वाजतच राहिली. माझ्याकडच्या पोरांच्या सवयीने तिला गप्प कसं करायचं ते मला ठाऊक आहे, पण त्या क्षणी आठवेना. लग्न मोडणार, हे मात्र मला स्वच्छ दिसत होतं, आणि तेही माझ्या मांडीखाली.

कोंबडी थांबल्यावर भाऊजींनी फक्त एक प्रश्न विचारला. कर्ज नाही, नोटा नाहीत. "ती वेगळं व्हायची सगळी गडबड झाली," ते इंग्रजीत म्हणाले, "तेव्हा तुमच्या कारखान्यातल्या माणसांचं काय झालं?"

जोर्दीने भाषांतर केलं. म्हातारा खाली बसला. म्हणाला, वेगळ्या देशासाठी आमच्याकडे मोर्चे निघाले त्या वर्षी बाकीच्या स्पेनमधली गिऱ्हाइकं तुटली. आमच्या गावचं नाव छापलेली खोकी बघून लोक बुचं परत पाठवायला लागले. दोन माणसांना घरी बसवावं लागलं, त्यातला एक माझ्या शाळेतला मित्र. माझ्या बाल्कनीत झेंडा होता, तो मी काढला नाही. पण मला येऊन सगळ्यांनी एकच विचारलं, तू कुठल्या बाजूचा. धंद्याचं काय झालं, हे आज पहिल्यांदा कुणी विचारतंय.

त्याची बायको म्हणाली, पण तू तर मला सांगितलंस की हल्ली लोक प्लॅस्टिकची बुचं वापरतात.

तो म्हणाला, परत आलेलं पहिलं खोकं तुझ्या भावाकडचं होतं.

जोर्दीचा आवाज भाषांतर करता करता बारीक झाला. त्याला स्वतःलाही हे ठाऊक नव्हतं. आई उभी होती ती हळूच खाली बसली आणि तिने विचारलं, मग मला का नाही सांगितलंस? म्हातारा म्हणाला, "कारण तू म्हणाली असतीस, बघ, मी सांगितलं होतं." हे कळायला कुणालाच भाषांतर लागलं नाही. ताई आधी हसली, मग मी, मग जोर्दीची आई, डोळे पुसत पुसत. तिने पानातला गुलाबजाम अर्धा केला आणि नवऱ्याच्या ताटलीत ठेवला. एका स्वयंपाकघरातल्या दोन देशांत काही तह झाला असं मी म्हणणार नाही. अजूनही ते दोघे एकमेकांच्या विरुद्धच मत देतात. पण टेबलावरचा तो नियम त्या दिवशी मोडला तो मोडलाच.

मग भाऊजींनी घड्याळ पाहिलं आणि रोंडव्राख सुरू केला. माझ्या नवऱ्याचं काही नव्हतं, माझं काही नव्हतं, ताई म्हणाली, "आता पुरे." वळसा घालून पाळी सुजातापाशी आली. ती म्हणाली, "बाबा, तुमचं राहिलं." अध्यक्षाचं काही राहत नसतं, असं भाऊजी म्हणाले. सुजाता म्हणाली, "राहिलंय. मला माहितेय. तुम्ही विचारा." तिला मराठी असं एरवी सलग येत नाही, ती ते घरून पाठ करून आली असावी.

भाऊजींनी चष्मा काढला, पुसला, परत घातला. मग व्याह्यांकडे न बघता, टेबलावरच्या बुचाच्या चकतीकडे बघत म्हणाले, "उद्या तुमचा देश वेगळा झाला, सीमा आली, कागद बदलले. आणि मला किंवा हिच्या आईला काही झालं. तर ही वेळेवर पोचेल का?"

जोर्दीने ते भाषांतर करायला तोंड उघडलं आणि त्याला करता येईना. सुजातानेच मोडक्यातोडक्या स्पॅनिशमध्ये केलं. त्याची आई उठून भाऊजींच्या खुर्चीपाशी आली. ती जे बोलली ते सुजाताने आम्हाला सांगितलं. ती म्हणाली, "आमच्या घरात दोन देश आहेत असं तुम्ही म्हणालात ना? हा वेगळा झाला तरी मी स्पेनचीच राहणार. माझा पासपोर्ट, माझं माहेर, माझी गाडी. एक दार बंद झालं तर दुसरं माझं आहे. तुमच्या मुलीला मी स्वतः विमानतळावर नेऊन सोडीन, आणि विमान नसलं तर तुमच्या दारात." मग जरा थांबून नवऱ्याकडे बोट दाखवत म्हणाली, "याला मात्र न्यायचं की नाही, ते मी तेव्हा ठरवीन."

भाऊजींनी मान हलवली. जगातल्या इतक्या प्रदेशांना त्यांनी इतकी वर्षं प्रश्न विचारले होते, पण उत्तर मिळालं की काय करायचं असतं, ते त्यांना माहीत नव्हतं. त्यांनी तिला नमस्कार केला आणि बैठक संपवली.

लग्न होऊन सुजाता तिकडे गेली त्याला आता वर्ष होत आलं. फेल्डहोवनच्या स्वयंपाकघरात ताईचा कुकर बुचाच्या चकतीवर बसतो. कॅटलोनिया अजून आहे तिथेच आहे, टीव्हीवर कुठे ना कुठे झेंडे फडकत असतात, आणि भाऊजी अजूनही टपालाचं विचारतात, पण सवयीने, चहा न निवू देता. शेजाऱ्याने मध्यंतरी फ्रीजलंडचा झेंडा चांगला दोन दिवस ठेवला, तरी कुणी चिवडा घेऊन गेलं नाही. तो बिचारा स्वतःच येऊन ताईला विचारून गेला, सर बरे आहेत ना?

दर रविवारी सुजाताशी व्हिडिओ कॉल असतो. मीही कधी तिथे असले तर बसते. विषयपत्रिका असतेच: हवा, जेवण, कारखाना, सासूबाई. शेवटी रोंडव्राख. भाऊजी विचारतात, "सुजाता, तुझं काही?" ती म्हणते, "काही नाही, बाबा." ताईचं काही नसतं, माझं काही नसतं. नियमाने इथे बैठक संपायला हवी. सगळी हयात ठरल्या मिनिटाला उठलेला हा माणूस खुर्ची पुढे ओढतो आणि पुन्हा पहिल्यापासून विचारतो, "नक्की काही राहिलं नाही ना?" तीही 'नाही' म्हणते आणि फोन ठेवत नाही. भाऊजी अजूनही मला डाव्या हाताला बसवतात आणि वेळेकडे लक्ष ठेव म्हणून सांगतात. मी हो म्हणते. कोंबडी मी हल्ली घरीच ठेवून जाते.